ओटीतलं पाकीट

रतनबाईंशी नवी ओळख झाली की माणसांना दोन गोष्टी जाणून घ्यायची भारी हौस असते. एक म्हणजे हा एचआयव्ही तुम्हाला झाला कुठून, आणि दुसरी म्हणजे घरी माहीत आहे का. पहिल्याचं उत्तर त्यांनी एवढ्या वर्षांत कुणाला दिलेलं नाही आणि ते इथेही मिळणार नाही. ज्याला अगदीच चैन पडत नसेल त्याने आपल्या घरात चौकशा कराव्यात. दुसऱ्याचं उत्तर हो. कोपरच्या दोन खोल्यांत त्या मुलगा मितेश आणि सून सोनल यांच्याबरोबर राहतात, एकाच माठातलं पाणी पितात, आणि गोळी घ्यायला विसरल्या तर सोनलच आठवण करते. तेव्हा त्या बाबतीत त्यांचं कुणाशी भांडण नाही. भांडण झालं ते तिसऱ्या प्रश्नावरून, जो त्यांना कुणी विचारलाच नाही.

कल्याणात एचआयव्ही असलेल्या माणसांचं एक मंडळ आहे, साथसोबत नावाचं. तुळशीचं लग्न झालं की हे मंडळ डोंबिवलीत एखादं मंगल कार्यालय दिवसभरासाठी घेतं आणि आपल्यातल्याच लोकांचा वधू-वर मेळावा भरवतं. नाशिकपासून पेणपर्यंतची माणसं येतात. कुणी विधवा, कुणी विधुर, कुणी लहानपणापासून गोळ्यांवर वाढलेली पोरं. जुळलेल्या जोडप्यांची नावं संध्याकाळी स्टेजवरून पुकारतात, आणि मग त्या मुलीची ओटी भरायचं काम रतनबाईंचं. बाहेर त्यांच्यासारख्या विधवेच्या हातून कुणी ओटी भरून घेत नाही. इथे तो शहाणपणा चालत नाही, कारण तसं करायचं ठरवलं तर ओटी भरायला चार बायकाही मिळायच्या नाहीत.

त्या ओटीत तांदूळ, नारळ, खण, सुपारी, हळकुंड, आणि सगळ्यांवर एक कंडोमचं पाकीट. ही रीत रतनबाईंनीच पाडली. पूर्वी पाकिटं दाराजवळच्या टेबलावर मांडून ठेवायचे आणि पोरी त्या टेबलाला लांबून वळसा घालून जायच्या. रतनबाई म्हणाल्या, पदरात पडलेली ओटी कोण नाकारतं? तिथेच टाका. तेव्हापासून टेबलावर एक पाकीट शिल्लक राहिलं नाही. मंडळ चालवणारा प्रशांत ही गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्या पाहुण्यांना कौतुकाने सांगतो. प्रशांत पंचेचाळिशीचा, स्वतःही याच गोळ्यांवर जगणारा, आणि मंडळासाठी जिवापाड राबणारा. ते कुणी नाकारत नाही. राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा.

मेळाव्यात दुपारच्या जेवणानंतर मेघनाचं सत्र असतं. मेघना ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात समुपदेशक आहे. गोळ्या न्यायला आलेल्या प्रत्येकाला आधी तिच्या टेबलासमोर बसावं लागतं. बोलायला गोड, चेहरा हसरा. मेळाव्यात ती दार लावून घेते आणि नवराबायकोच्या सगळ्या गोष्टी न लाजता सांगते. कंडोम कसा वापरायचा, दोघांनाही एचआयव्ही असला तरी का वापरायचा, दुसरे कुठले आजार होतात, ते झाले तर कुणाकडे जायचं. उत्तमच सांगत असणार, कारण पोरं बाहेर येताना मोकळी झालेली दिसतात. रतनबाईंनी ते कधी ऐकलेलं नाही. सत्र सुरू व्हायच्या आधी प्रशांत माईकवरून सांगतो, "आता ज्येष्ठ मंडळींनी वरच्या हॉलमध्ये चलावं. भजन आहे, चहा आहे." मग पन्नाशीच्या पुढचे सगळे उठतात. त्यांना कुणी हाताला धरून उठवत नाही. आपणच उठतात, थोडे हसत, थोडे लाजत, आणि जिना चढून वर जातात. वर मारुतीराव टाळ घेऊन तयार असतात.

मारुतीराव आंबिवलीचे. वय सदुसष्ट, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, कंपनीतली नोकरी संपलेली. सगळे त्यांना बुवा म्हणतात. ठाण्याला गोळ्यांच्या रांगेत रतनबाईंची आणि त्यांची ओळख झाली. स्टेशनपासून दोघं एकाच रिक्षाने दवाखान्यात जाऊ लागले, आणि मारुतीराव आपल्या खोलीमागे लावलेल्या पालकाच्या जुड्या त्यांच्यासाठी आणू लागले. दवाखान्यात या मैत्रीचं सगळ्यांना कौतुक. म्हातारपणी कुणीतरी बोलायला हवं हो, असं एकमेकांना सांगायचे. गेल्या होळीपासून आंबिवलीच्या त्या खोलीचं दार दुपारी आतून लागतं, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. साठी उलटलेल्या बाईला सांधे असतात, साखर असते, नातवंडं असतात. तिला अंग असतं हे लोक विसरतात आणि वर त्यालाच आदर म्हणतात.

कंडोमचा प्रश्न त्या दोघांनी आपल्यापुरता सोडवला होता. दोघांनाही एकच आजार, मग एकमेकांना द्यायचं राहिलं काय? आणि पाळी जाऊन तर जमाना झाला. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या पदरात पाकिटं टाकणारी बाई स्वतःच्या पिशवीत एक टाकत नव्हती. पाकीट कशासाठी ते खालच्या हॉलमध्ये सांगत होते, आणि त्या वेळी रतनबाई वरच्या हॉलमध्ये टाळ्या वाजवत बसलेल्या होत्या.

श्रावणात रतनबाईंच्या तळहातांवर तांबूस डाग उठले. खाज नाही, दुखणं नाही. मग तळपायांवरही आले. कोपरच्या डॉक्टरने भांड्यांचा साबण बदलायला सांगितला. दुसऱ्याने वयोमानाने कातडी अशी होते म्हणून मलम दिलं. ठाण्याला मेघनाने वजन विचारलं, भूक विचारली, खोकला आहे का, झोप लागते का, गोळ्या वेळेवर घेता का, सगळं विचारलं. मग संबंधांबद्दलचा नेहमीचा तो प्रश्न आला आणि ती नेहमीसारखीच हसून म्हणाली, "तुमचं ते काही नाही, मावशी," आणि पुढे गेली. तो प्रश्न नव्हताच. ते उत्तर होतं आणि मेघनाने ते परस्पर देऊन टाकलं होतं. 

शेवटी नवरात्रात त्वचेच्या ओपीडीत एक नवी डॉक्टर पोरगी भेटली. तिने तळहात बघितले, तळपाय बघितले, उठून दार लावलं आणि सरळ विचारलं की शेवटचा संबंध कधी आला होता. रतनबाईंनी मागच्या मंगळवारी असं सांगितलं. पोरगी हसली नाही, डोळे मोठे केले नाहीत, तिने फक्त रक्त तपासायला पाठवलं. सिफिलिस निघाला. डॉक्टरने समजावून सांगितलं की हा वेगळा आजार, संबंधातूनच येतो, इंजेक्शनने बरा होतो, पण जोडीदारालाही घ्यावं लागेल. नाहीतर त्यांच्या डोळ्यांवर जाईल, मेंदूवर जाईल, आणि तुम्हालाही पुन्हा होईल. रतनबाईंनी तिथल्या तिथे इंजेक्शन घेतलं आणि दुखऱ्या कमरेने तशाच आंबिवलीला गेल्या.

मारुतीरावांनी आधी हे आपलं नाहीच म्हणून हात झटकले. मग माझं आहे का, असं रतनबाईंनी विचारलं, आणि त्यानंतर जे बोलणं झालं ते दोघांनाही न शोभणारं होतं. संध्याकाळी मारुतीराव भिंतीकडे तोंड करून म्हणाले की होळीच्या आधी, तुमचं माझं काही नव्हतं तेव्हा, थंडीत एकदा मी गेलेलो एकीकडे. एकटा होतो. रतनबाईंना त्याचा राग आला नाही. एकटेपण काय असतं ते त्यांना कुणी शिकवायला नको होतं. राग आला तो पुढच्या वाक्याचा. मारुतीराव म्हणाले, "पण गुप्तरोगाच्या त्या खोलीसमोरच्या बाकावर मी बसणार नाही. तिथे शिपायापासून सगळे मला बुवा म्हणतात. या वयात हा आजार घेऊन कुठल्या तोंडाने जाऊ?"

"आंधळं होऊन जाल तेव्हा कुठल्या तोंडाने जाल?" रतनबाईंनी विचारलं.

त्या दिवसापासून मारुतीरावांनी त्यांचा फोन घेतला नाही. गोळ्यांच्या तारखेला ते भल्या सकाळी येऊन जायचे, रतनबाई पोचायच्या आत. पालकाची जुडी मात्र औषधाच्या खिडकीपाशी त्यांच्यासाठी ठेवलेली असायची. ती बघून रतनबाईंचं डोकं आणखीनच फिरायचं. भाजी द्यायला लाज वाटत नव्हती, इंजेक्शन घ्यायला वाटत होती. रात्री अंथरुणावर पडल्या की त्यांना दुसरंच दिसायचं. मारुतीराव पाटाखाली पडलेला टाळ हाताने चाचपत शोधताहेत, असं काहीतरी. हा माणूस लाजेपायी स्वतःचं वाटोळं करून घेणार आणि आपण बघत बसणार, या विचाराने त्यांना झोप यायची नाही.

त्या मेघनाकडे गेल्या आणि सगळं सांगून टाकलं. मेघनाचा चेहरा उतरला. मारुतीरावांना मी बोलावते, असं ती म्हणाली, पण बोलावून त्यांना काय विचारू हे तिचं तिलाच कळेना. रतनबाईंनी विचारलं की इतके महिने तू मला का विचारलं नाहीस. तेव्हा ती खाली बघून म्हणाली, "मावशी, तुम्ही माझ्या आईच्या वयाच्या. तुम्हाला असं कसं विचारायचं? अपमान केल्यासारखं वाटतं." रतनबाईंना वाटलं, पोरीच्या आईला सांगून यावं की बाई, तुझं काही दुखलं तर लेकीच्या दवाखान्यात जाऊ नकोस.

रतनबाईंनी प्रशांतच्याही कानावर घातलं तेव्हा तो आधी हळहळला आणि मग मुद्द्यावर आला. मेळाव्याला बाहेरचे पाहुणे येणार, गोष्ट पसरली तर मंडळाचं नाव खराब होईल, ज्येष्ठांबद्दल लोकांच्या मनात आदर आहे तो राहू दे. एवढं बोलून तो जरा चाचरला आणि म्हणाला, "यंदा ओटी मंडळातल्या संचिताला भरू दे का, मावशी? दोघीतिघींनी तुमच्या हातांबद्दल विचारलेलं."

रतनबाईंनी आपले तळहात बघितले. डाग केव्हाच गेले होते. घरातल्यांनी ताट वेगळं केलं, न्हाव्याने दुकानातून उठवलं, डॉक्टरने लांबूनच तपासलं, असं सोसून आलेल्या माणसांचं हे मंडळ. इथे कुणी कुणाच्या हाताला नाही म्हणत नाही, एवढ्यासाठीच त्या इतकी वर्षं इथे टिकल्या होत्या. त्या तशाच पिशवी उचलून निघून गेल्या. तोंड उघडलं असतं तर शिवीच निघाली असती.

मेळाव्याच्या दिवशी त्या नेहमीसारख्या लवकर आल्या. तांदूळ निवडले, नारळ पुसले, खणांच्या घड्या केल्या आणि ओटीची ताटं स्टेजवर नेऊन मांडली. पाकिटं त्यांनीच मोजून ठेवली. संचिता बाजूला अवघडून उभी होती, तिला त्या म्हणाल्या की तुझी काही चूक नाही, तू जेवून घे. जेवणाच्या पंगतीत मारुतीराव समोरच्या रांगेत होते. त्यांनी एकदा मान वर केली आणि लगेच कढीच्या वाटीत घातली.

जेवणं झाली. मेघना माईक घेऊन स्टेजवर आली. प्रशांतने दरवर्षीचं वाक्य उच्चारलं, भजन आहे, चहा आहे. खुर्च्या सरकल्या. सत्तरीची रंगूबाई काठी सावरत उठली, तिच्यामागे बाकीचे उठले. मारुतीराव टाळ घेऊन सगळ्यांच्या पुढे दारापर्यंत गेले. रतनबाई उठल्या नाहीत. प्रशांतने हसून हाक मारली, "चला मावशी, बुवा थांबलेत." तशा त्या उठल्या आणि जिन्याकडे न जाता स्टेजच्या तीन पायऱ्या चढून वर गेल्या. हॉलमधल्यांना वाटलं, यांना काहीतरी विसरलेलं न्यायचं असेल. त्यांनी ओटीचं एक ताट उचललं, मेघनाच्या हातात दिलं आणि तिच्यासमोर पदर पसरला.

"मेघना, माझी ओटी भर."

मेघनाने ताट घेताना माईक बंद न करताच काखेत धरला. ती प्रशांतकडे बघू लागली, प्रशांत पाहुण्यांकडे. पुढच्या रांगेतला एक पोरगा फिदीफिदी हसला आणि आपलाच आवाज ऐकून गप्प झाला. पदर पसरलेल्या बाईला किती वेळ उभं ठेवणार? मेघनाने तांदूळ घातले, नारळ ठेवला, खण, सुपारी, हळकुंड. मग तिचा हात ताटाच्या कडेवर थांबला.

"ते राहिलं," रतनबाई म्हणाल्या.

"मावशी, आपण नंतर बोलूया का?"

"नंतर म्हणजे कधी? मला सिफिलिस झालेला, मेघना. दोन महिने हे हात दाखवत फिरले मी. कुणी साबण बदला म्हणालं, कुणी वय झालं म्हणालं. तू माझा खोकला विचारलास, झोप विचारलीस. मला कुणी माणूस आहे का, हे विचारलं नाहीस. आम्हाला तुम्ही वर पाठवता टाळ कुटायला आणि खाली दार लावून घेता. त्या दाराच्या आत काय सांगता ते आम्हाला माहीत नाही, म्हणून आजार घेऊन बसतो आणि लाजेने मरतो. ओटीत पडलेलं मी नाकारणार नाही. तू टाक."

रतनबाईंचा आवाज चढलेला नव्हता, पण पदरातला नारळ हलत होता. कुणाच्या तरी पोटात सुरी खुपसावी इतका राग त्यांना आला होता, आणि त्याच वेळी आपण रडू या भीतीने त्यांनी दात आवळून धरले होते. मेघनाने पाकीट उचललं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिने ते नारळाच्या शेजारी ठेवलं आणि ओटी भरताना करतात तसा वाकून नमस्कार केला.

"आता सांग," रतनबाई म्हणाल्या. "दोघांनाही असलं तरी का वापरायचं, दुखतं तेव्हा काय लावायचं, सगळं पोरांना सांगतेस तसं सांग. मी इथेच बसते."

त्या खाली उतरल्या आणि पहिल्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीवर पदर सावरत बसल्या. शेजारच्या पोरीने त्यांच्या मांडीवरचा नारळ घसरू नये म्हणून हात लावला. दारातून काठीचा आवाज आला. रंगूबाई परत आली होती. ती मागच्या खुर्चीवर टेकली आणि शेजारणीला मोठ्याने म्हणाली की मला कमी ऐकू येतं, जरा जोरात बोलायला सांगा. मग आणखी दोघं आली. प्रशांत जिन्यापाशी उभा होता, त्याने कुणाला अडवलं नाही आणि कुणाला या असंही म्हटलं नाही.

मारुतीराव दारातच होते. मागे वळून बघायचं नाही असं रतनबाईंनी ठरवलं होतं. जायचं असेल त्याने जिना चढून जावं आणि भिंतींना भजन ऐकवावं. मग खुर्च्यांच्या मधून टाळांचा बारीक आवाज येऊ लागला, चालणाऱ्या माणसाच्या हातात टाळ असले की येतो तसा. सगळ्या हॉलच्या माना त्या आवाजाबरोबर वळत गेल्या. मारुतीराव स्टेजपाशी येऊन थांबले. त्यांचे कान लाल झाले होते. त्यांनी आवाज अगदी हळू काढला, पण मेघना वाकून ऐकत होती आणि माईक तिच्या हातात होता, त्यामुळे शेवटच्या रांगेलाही ऐकू गेलं.

"मॅडम, ते इंजेक्शन यांना दिलेलं, ते मला पण घ्यायचंय. उद्या आलो तर मिळेल?"

"मिळेल," मेघना म्हणाली. "मी स्वतः तुमच्याबरोबर येईन, बुवा."

कुणी हसलं नाही. मारुतीराव वळले आणि रतनबाईंसमोर येऊन उभे राहिले. बसावं की नाही हे त्यांना कळत नव्हतं. रतनबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. फोन न उचललेले सगळे दिवस त्यांना आठवले, औषधाच्या खिडकीपाशी सुकत पडलेल्या पालकाच्या जुड्या आठवल्या, आणि या माणसाच्या कानाखाली एक द्यावी असं फार वाटलं. त्यांनी शेजारच्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलून पायाशी ठेवली.

"टाळ खाली ठेवा आधी," त्या म्हणाल्या. "आवाज होतो. मला ऐकायचंय."

मारुतीरावांनी टाळ खुर्चीखाली ठेवले आणि बसले. मेघनाने डोळे पुसले, घसा साफ केला आणि अगदी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.